पहिल्या श्वासाची सोबतीण

एकदा एका वृद्ध तांडेलाच्या होडीवर जनार्दन नावाचा शिष्य समुद्राची विद्या शिकत होता. वय तिशीचं, हात तयार, पण डोकं जरा तापट. त्या दिवशी संध्याकाळी त्याच्या लेकीचं बारसं होतं. पाहुण्यांच्या ताटात ताजी मासळी पडावी म्हणून स्वारी पहाटेच निघाली होती.

बांगड्यांचा भलामोठा थवा दिसला. जनार्दनने जाळं उचललं, तोच तांडेल गरजला, "थांब! इंजिन बंद कर. जाळं आत घे."

"अहो तांडेल, समोर आलेलं सोडायचं? घरी पाहुणे आहेत!"

"गप बस आणि बघ."

समोर दोन डॉल्फिन घुटमळत होते, मधे एक इवलंसं पिल्लू. एक मादी त्याला खालून वर लोटत होती. ते बुडू लागलं की पुन्हा लोटत होती. अखेर 'फुस्स' असा बारीक आवाज आला, आणि जनार्दनच्याही जिवात जीव आला.

तांडेल म्हणाला, "आत्ताच जन्मलंय. अंगावरच्या घड्या बघ, पोटात दुमडून होतं त्याच्या खुणा. दिसतो मासा, पण हा जीव आपल्यासारखा हवेवर जगतो, आईचं दूध पितो. पहिला श्वास वेळेत मिळाला नाही, तर खेळ खलास. त्याची आई ती पलीकडची, थकून गेलेली. लोटणारी ही दुसरीच. हिचं काही अडलं नव्हतं, तरी आली. जाळं टाकलं असतं तर तिघंही त्यात गुदमरली असती."

मग त्याने विचारलं, "जना, तुझी आई तुला जन्म देऊन गेली. दूध कुणी पाजलं तुला?"

"शेजारच्या भागीकाकूनं."

"आज बारशाला आहे ती?"

जनार्दनची मान खाली गेली. भागीकाकू विधवा. पाळण्यापाशी ती नको, असं घरातले वडीलधारे म्हणाले होते, आणि यानेही मुकाट्याने मान डोलावली होती. आता त्याला स्वतःचीच लाज वाटली.

तोवर बांगड्यांचा थवा निघून गेला होता. होडी रिकामी परतली. जनार्दन घरी न जाता थेट काकूच्या दारात गेला. ती सुपात तांदूळ निवडत बसली होती.

"काकू, ऊठ. पोरीच्या कानात नाव तू सांगायचंस."

"अरे वेड्या, मी? लोक काय म्हणतील?"

"लोकांनी मला दूध पाजलं नव्हतं, काकू."

काकूच्या हातातलं सूप तसंच राहिलं. पदराने डोळे पुसत ती म्हणाली, "थांब हं, धुतलेलं लुगडं नेसून येते."

संध्याकाळी पाहुणे डाळभातावर जेवले. भागीकाकू पाळण्यावर वाकली, तेव्हा सगळ्यांदेखत जनार्दनने तिच्या पायांवर डोकं ठेवलं.