बाराव्या वर्षाची फायनल

"दोनच दिवसांचा प्रश्न आहे, मास्तर. रविवारी फायनल खेळतो आणि तसाच गाडीत बसतो. चालेल ना?"

तो साधा शुक्रवार होता. निळोबा तालमीच्या फुटबॉल संघातल्या पोरांचा सकाळचा सराव आटपला होता. दोरीवर जर्सी वाळत होत्या. गगनबावड्याकडच्या वाडीवरून एक माणूस गोलकीपर भैरू चौगलेसाठी निरोप घेऊन आला होता. वडिलांचं काही खरं नाही, आई एकटीच आहे, लगेच निघ.

भैरूचं बोलणं पुरं होताच संघाला खेळ शिकवणारे अतिग्रे मास्तर पुढे आले. त्यांनी त्याचे हातमोजे ओढून काढले, राखीव गोलकीपर दस्तगीरकडे फेकले आणि भैरूला दंडाला धरून एसटी स्टँडवर नेऊन गाडीत बसवलं.

रविवारी दुपारी वडील गेले. शेवटचं पाणी भैरूच्या हातून त्यांच्या तोंडात पडलं. त्याच सुमारास कोल्हापुरात निळोबा तालीम एका गोलनं हरली. अकरा वर्षांत अकरा कप आणणारे मास्तर बाराव्या वर्षी हरले. त्यांनी संघ सोडला तो कायमचा.

पेठेत भैरूला तोंडावर कुणी काही म्हटलं नाही. फक्त कधीतरी कट्ट्यावरून ऐकू यायचं, "त्या दिवशी भैरू असता तर..."

पुढचं वाक्य भैरू मनातल्या मनात पुरं करायचा. एकतीस वर्षं करत होता.

आता तो पॉलिटेक्निकात शिकवत होता आणि एका दुपारी लॅपटॉप घेऊन मास्तरांच्या घरी सोप्यात बसला होता. मास्तर ऐंशीच्या पुढे गेले होते. समोर भाजलेल्या शेंगांची परडी होती.

"हा खेळ आहे, मास्तर. यात चेंडू आपण मारायचा नाही. आपण मास्तर व्हायचं. कोण खेळणार, कोण बसणार, ते ठरवायचं. सामना तो खेळतो."

"म्हंजे बोंबलायचं काम आपलं."

"हो. मी यात आपल्या सगळ्या पेठांचे संघ घातलेत. एकेक खेळाडू. प्रत्येकाला वीसपैकी गुण. आठ महिने लागले."

"तुला किती दिलास?"

"चौदा."

"जास्त दिलास."

भैरू हसला. "पहिल्या वर्षापासून तुमच्यासारखंच केलं, मास्तर. तुम्ही ज्याला बसवलंत त्याला बसवलं. उपांत्य सामन्यात सेंटर हाफला पुढं खेळवलात, तेही केलं. तुमच्या चुकासुद्धा गाळल्या नाहीत."

"आणि शिव्या?"

"त्या नाहीत. पोरांना बोलायला आठ वाक्यं देतात. त्यातलं एक निवडायचं."

"आठात भागतंय?" मास्तरांनी शेंग फोडली. "मग पोरं लई गुणी असणार तुझी."

"अकरा कप आले, मास्तर. आणि..." भैरूनं लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. हे सांगण्यासाठीच तो आला होता. "बारावाही आला. तुमचा राहिलेला कप मी परत आणला."

मास्तरांनी चष्मा लावला. पडद्यावर फायनलचा संघ होता. ते एकेक नाव वाचत खाली आले आणि सगळ्यात शेवटच्या नावावर बोट ठेवलं.

"ह्यो हितं काय करतोय?"

"गोलमध्ये आहे. तो मीच, मास्तर."

"ते वाचता येतंय मला. हितं काय करतोय?"

"फायनल आहे ना..."

"आणि बापाजवळ कोण हाय?"

"गेममध्ये बाप नसतो, मास्तर."

"मग ह्यो मास्तर मी न्हवं."

बोट पडद्यावरून हललं नाही.

"काढ त्याला."

"मास्तर, जिंकलेला सामना आहे."

"काढ. गावाला जाऊ दे त्याला."

सामन्याआधीचा खेळ भैरूनं राखून ठेवला होता. तो उघडला. आपलं नाव उचलून बाहेर ठेवलं. गोलमध्ये त्यानं दस्तगीर शिकलगारचं नाव ठेवलं.

सामना सुरू झाला. हिरव्या पडद्यावर छोटे ठिपके पळू लागले. मास्तर पुढे सरकून बसले.

अर्ध्या तासात निळोबावर एक गोल बसला. मध्यंतरानंतर दुसरा. शेवटाला तिसरा.

"तीन?" मास्तरांनी भैरूकडे पाहिलं. "आमी एकानं हरलो हुतो. दस्तगीरला किती गुण दिलास?"

भैरू खाली बघत म्हणाला, "सहा."

"सहा. त्या दिवशी दोन पेनल्टी अडवल्या त्यानं. ओठ फुटला, तरी बाहेर आला न्हाई. तुला कुणी सांगितलं न्हाई?"

"मी विचारलं नाही, मास्तर. त्या सामन्याचं मी कधीच कुणाला विचारलं नाही."

"वाढव त्याचे."

"किती करू?"

"तुझ्यापरास एक जास्त."

भैरूनं पंधरा केले. मास्तरांनी पुन्हा खेळवायला सांगितलं. या खेपेला दस्तगीरनं पुष्कळ अडवलं. शेवटच्या मिनिटांत एक चेंडू सुटला, आणि निळोबा तालीम एका गोलनं हरली.

मास्तर मागं टेकले. ओंजळभर शेंगा भैरूपुढं ठेवल्या.

"हां. आता बराबर झालं."

पडद्यावर दुसऱ्या पेठेची पोरं कप घेऊन नाचत होती. भैरू ते बघत राहिला. त्यानं एक शेंग फोडली आणि खाल्ली. मग आणखी एक.

विचारायचं ते त्यानं मग विचारलं.

"मास्तर, पुढं कधी वाटलं नाही? याला दोन दिवस ठेवून घ्यायला हवं होतं, असं?"

"न्हाई."

"एकदाही?"

"एकदाबी न्हाई. कप आणायला म्हणून पोरं गोळा केली असती तर वाटलं असतं." मास्तर जरा हसले. "तू एवढी वर्षं हेच धरून बसलास व्हय रं?"

भैरूनं मान डोलावली. त्याला हसू आलं आणि डोळेही भरले. त्यानं ते पुसले नाहीत. लॅपटॉप हळूच मिटला.

बराच वेळ दोघंही शेंगा फोडत राहिले.

...

"माझी एक गोष्ट मात्र चुकली, भैरू."

"कुठली, मास्तर?"

मास्तर टरफलं एका जागी गोळा करत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"तुझा बाप गेल्यावर तुझ्या आईला भेटायला यायचं हुतं मला. ते राहूनच गेलं."