गाठीची कड

"मग लिहू ना, बाई? पसरण्याचा धोका कमी?"

डॉ. निनाद पेंडशांनी पेन उघडून धरलं होतं. त्यांचा अंदाज म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं सगळी लॅब म्हणायची. म्हणणाऱ्यांत ते स्वतः पहिले.

लॅबच्या प्रमुख केळशीकरबाईंनी चष्मा पुसला. "कशावरून?"

"वृषणाचा कॅन्सर, अगदी सुरुवातीचा. वृषण काढलंय. स्कॅन स्वच्छ. गाठीचे चार तुकडे पाहिले, एकाही रक्तवाहिनीत कॅन्सरच्या पेशी शिरलेल्या नाहीत."

"आणि शिरलेल्या असत्या तर?"

"धोका वाढला असता. कदाचित केमो. आता नुसतं लक्ष ठेवायचं."

बाई उठल्या. फळीवरची बरणी काढून त्यांनी निनादच्या हातात दिली.

"हे काय?"

"उरलेली गाठ. ही अजून कुणी तपासलेली नाही."

"बाई, माझा अंदाज आजवर चुकलेला नाही."

"छान. ज्याची ही गाठ, तो पोरगा बाहेर बसलाय. त्याला सांगून ये."

निनाद ऐटीत बाहेर गेले. बरणी हातातच राहिली होती.

बाकावरून तुषार भोईटे उठला. कबड्डीपटू, तेवीस वर्षांचा, दाराएवढा उंच. त्याने बरणीकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

"साहेब, नक्की ना? केमो नको ना?"

निनादना नुसतं 'नक्की' म्हणायचं होतं. पण हातातल्या बरणीकडे लक्ष गेलं.

"परवा ये," ते म्हणाले.

आत येऊन ते बाईंकडे न बघता कामाला लागले. गाठीची कड जिथे जिथे चांगल्या भागाला टेकत होती, तिथून तिथून तुकडे घेतले. नव्या काचा तयार झाल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली एकेक रक्तवाहिनी शोधून पाहिली. डोळे चुरचुरायला लागले, मान धरली, पण एकही काच त्यांनी घाईत सरकवली नाही. पहिल्यांदाच त्यांना भीती वाटत होती.

तिसऱ्या दिवशी ते बाईंसमोर उभे राहिले.

"काही नाही सापडलं, बाई. एकाही वाहिनीत नाही. मी म्हणालो होतो तेच निघालं."

"बरं झालं." बाईंनी रिपोर्टवर सही केली. "तपासणीला मात्र वेळच्या वेळी यायला सांग."

निनाद घुटमळले.

"एक विचारू? एवढा खटाटोप केला, आणि उत्तर तर तेच आलं..."

बाहेर बाक करकरला. तुषार उठून उभा राहिला असावा.

बाईंनी रिपोर्ट त्यांच्या हातात ठेवला.

"तेच आहे. परवा तो तुझा अंदाज होता. आता त्याचं उत्तर आहे, नेऊन दे."