सात वाड्यांचं टाकं आणि मधला मासा

मला सांगायचं नव्हतं. पण वाचनालयात ती काचेची पेटी आणल्यापासून रोज कुणीतरी माझ्या दारात उभं असतं. बारके मासे आणून झाले, आता मधोमध शोभेला एक मोठा हवा, आणि तो कुठला यावर तीन आठवडे नुसती तोंडं वाजतायत. शेवटी सून म्हणाली, "आबा, तुमच्या आजीची ती गोष्ट लिहून द्या, म्हणजे एकदाची कटकट मिटेल." शाळा मी तिसरीत सोडली. शुद्धलेखन बघणाऱ्यांनी दुसरीकडे बघावं. पोरांनो, बूड टेकून बसा. एकदाच सांगणार आहे.

फार मागं, डोंगर अजून थोडे उंच होते तेव्हा, एका डोंगराच्या पायथ्याला सात वाड्या होत्या आणि सातांना मिळून झरा एकच होता. झऱ्याचं पाणी आधी एका दगडी टाक्यात पडायचं. टाकं लहान, दोन म्हशी शेजारी शेजारी बसल्या तर भरून जाईल एवढं. त्यातून सात पाट निघायचे, सात वाड्यांच्या शेतांकडे.

पाण्यावरून या वाड्यांनी इतकी डोकी फोडली होती की शेवटी त्यांचे म्हातारे कंटाळले आणि त्यांनी एक रीत घालून दिली. प्रत्येक वाडीनं आपल्या ओढ्यातले दोन मासे टाक्यात सोडायचे. कुणाचे पट्ट्यांचे, कुणाचे लाल शेपटीचे, कुणाचे चांदीच्या टिकलीसारखे, पण सगळे बोटाएवढेच. रोज सकाळी टाक्याच्या राखणदारानं ते मोजायचे. सातही वाड्यांचे मासे डोळ्यांना दिसले तर सातही पाट उघडायचे. एका वाडीचा एकही दिसला नाही, तर त्या दिवशी कुणालाच पाणी नाही. त्यामुळे झालं काय, की दुसऱ्याचा मासा जगावा म्हणून प्रत्येक वाडी जीव टाकायला लागली.

टाक्याची राखणदार एक भोईण होती. म्हातारी, विधवा, जिभेनं तिखट. सारे तिला आत्या म्हणायचे आणि जरा लांबून म्हणायचे.

या बारक्यांच्या मधोमध एक मोठा मासा असायचा. तो कुठल्याच वाडीचा नव्हता. तो मधे शांत फिरत असला की बारक्यांना धीर यायचा. ते उघड्यावर येऊन खेळायचे आणि भोईण एका दमात मोजणी उरकायची. एका उन्हाळ्यात हा मोठा मासा म्हातारा होऊन मेला.

दुसऱ्या दिवशी टाकं रिकामं दिसलं. बारके होते, पण सगळे दगडांच्या फटीत जाऊन बसलेले. एकेकाचं तोंड दिसेपर्यंत भोईणीला दुपार झाली. दुपारी सुटलेलं पाणी तापलेल्या पाटातच जिरलं. शेवटच्या वाडीला तर नुसता ओलावा पोचला. चार दिवसांत भुईमूग माना टाकायला लागला आणि माणसं पुन्हा एकमेकांकडे तिरकं बघायला लागली.

मग वरच्या वाडीचा कारभारी तांब्याच्या घंगाळातून एक मासा घेऊन आला. काय मासा होता म्हणून सांगू. शेंदरासारखा लाल, आणि पर-शेपटी अशी की लुगड्याचा घोळ पाण्यात सोडावा.

"बघ आत्या, दूरच्या मुलखातनं आणलाय," कारभारी म्हणाला. "आता टाक्याला देखणं तोंड मिळालं."

"तोंड बघितलं. दात कुणी बघितले?" भोईण म्हणाली.

नव्या माशाची एक परीक्षा असायची. चाळणीसारखी भोकं पाडलेलं एक मडकं टाक्याच्या मधोमध बुडवायचं आणि नव्याला तीन दिवस त्यात ठेवायचं. बारक्यांनी त्याला बघायचं, त्यानं बारक्यांना. भोईणीनं लाल मासा मडक्यात घातला. दुसऱ्या दिवशी सातही वाड्यांची माणसं काठावर जमली. मडक्याच्या भोकांतून लाल पदर बाहेर यायचा आणि माणसं मान डोलवायची.

"तीन दिवस कशाला?" कारभारी म्हणाला. "शेतं जळतायत, आणि तू मडक्याचं लोणचं घालून बसलीस."

भोईणही माणूसच. तिनंही असं रूप जन्मात बघितलं नव्हतं. बघता बघता तिचेच डोळे निवले, आणि बारके कुठे आहेत हे बघायचं राहून गेलं. ते सगळे, चौदाच्या चौदा, लांबच्या कोपऱ्यात एकाला एक चिकटून बसले होते. तिनं मडकं उचललं आणि मासा सोडला. लोक खूश झाले, कारभारी तर स्वतः टाकं खोदल्यासारखा छाती काढून उभा राहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी खालच्या वाडीचा एक पट्ट्याचा मासा उलटा तरंगताना दिसला. शेपटीच्या चिंध्या झालेल्या.

भोईण उठली. टोपली घेऊन छातीभर पाण्यात उतरली, लाल मासा धरला आणि कारभाऱ्याच्या घंगाळात नेऊन टाकला.

"एक मेला तर एवढं काय?" कारभारी म्हणाला. "मोठ्याच्या वाटेत आला असेल. मोठ्याला राग येणारच."

"राग येणारा तुमच्या घरी ठेवा, कारभारी. टाक्यात आधीच जागा कमी आहे."

पण बोलून काय होणार? खालच्या वाडीचा आता एकच मासा उरला होता आणि तो भेदरून अशा फटीत शिरला की त्याची सावलीही दिसेना. तो दिसेना म्हणून पाट उघडेनात. दुसरा आणावा तर उन्हाळ्यात ओढे कोरडे पडलेले. दोन दिवस सात वाड्यांना थेंब नाही. मग पंच बसले आणि त्यांनी ठरवलं. अजून तीन दिवस बघायचं. नाही दिसला तर चौथ्या सकाळी टाकं फोडायचं, आणि ज्याच्या मनगटात जोर असेल त्यानं झरा आपल्याकडे वळवून न्यावा.

भोईण टाक्याच्या काठावर एकटी बसली. टाकं फुटलं की त्यापुढे काय फुटणार ते तिला ठाऊक होतं. तिच्या नवऱ्याचं डोकं अशाच भांडणात फुटलं होतं. आणि घाई दुसऱ्या कुणी केली नव्हती, मडकं तिनंच उचललं होतं.

तेवढ्यात एक म्हशी राखणारी बाई दुधाची चरवी घेऊन आली.

"दूध नको मला," भोईण म्हणाली.

"दूध नाही. मासा आहे."

भोईणीनं वाकून बघितलं. वाळल्या पानासारखा मातकट, चपटा, पोटाखाली दोन लांब दोऱ्या लोंबणारा मासा चरवीच्या तळाशी अंग चोरून बसला होता.

"हे कुठनं आणलंस?"

"म्हशींच्या डबक्यातनं."

मागून येणारा कारभारी हसला. "आत्या, शेण पण घालून ठेव टाक्यात. पाहुण्याला घरच्यासारखं वाटेल."

म्हशीवाली त्याच्याकडे न बघता म्हणाली, "म्हशी पाण्यात बसल्या की सगळे मासे सैरावैरा पळतात, आत्या. हा जाग्यावर थांबतो. आणि बारकी पिल्लं याच्या पोटाखाली येऊन उभी राहतात. रोज बघते मी. रूप नाही त्याला, पण म्हटलं सांगावं."

भोईणीनं पुन्हा एकदा चरवीत बघितलं. मग तिनं चरवी हातात घेतली.

मडकं पुन्हा बुडालं. या वेळी भोईणीनं मडक्याकडे चक्क पाठ फिरवली आणि कोपऱ्याकडे तोंड करून बसली. येणारेजाणारे म्हणायचे, म्हातारीचं फिरलं. तिनं मान वळवली नाही. पहिल्या दिवशी कोपऱ्यात काही हललं नाही. दुसऱ्या दिवशी लाल शेपटीचा एक बाहेर आला, मडक्यापर्यंत गेला आणि पळाला. संध्याकाळी तो परत गेला तेव्हा बरोबर तिघे होते. तिसऱ्या दिवशी मडक्याच्या भोकांपाशी जत्रेसारखी गर्दी झाली होती. सहा वाड्यांचे मासे तिथे होते, फक्त पट्ट्याचा नव्हता.

चौथी सकाळ झाली. सातही वाड्यांची माणसं पहारी घेऊन आली.

"सरक आत्या," कारभारी म्हणाला.

"तीन दिवस काल भरले. मडकं उचलायचं राहिलंय. तेवढं उचलते, मग फोडा."

तिनं मडकं उचललं. मातकट मासा बाहेर आला आणि टाक्याच्या मधोमध थांबला. त्याच वेळी डोंगराच्या खिंडीतून सूर्य वर आला आणि पहिली तिरीप सरळ पाण्यात उतरली.

पुढचं आजी सांगायची तेव्हा तिचा आवाज खाली जायचा. माझाही जातो.

माशाच्या अंगावरचा तो मातकटपणा हळूहळू विरायला लागला. आधी गळा केशरी झाला, पिकल्या आंब्याच्या देठापाशी असतो तसा. मग अंगभर एक एक ठिपका उजळला, पांढरा, गोल, मोत्याएवढा, डोक्यापासून शेपटीपर्यंत. जणू पाण्याखाली कुणी बसून त्याच्या अंगावर मोती ओवत होतं. त्या ठिपक्यांचा उजेड टाक्याच्या काळ्या दगडांवर हलायला लागला, मग काठावरच्या माणसांच्या तोंडांवर. पहारी धरलेले हात सैल पडले. म्हशीवाली तोंडावर पदर धरून उभी होती. तिनंच आणलेला मासा तिलाही ओळखू येईना.

मासा सावकाश त्या फटीपाशी गेला. पोटाखालच्या त्या दोन दोऱ्या त्यानं पुढे केल्या आणि आंधळं माणूस नातवाचं तोंड चाचपतं तसं फटीच्या आत हलकेच चाचपलं. मग मागं सरला आणि थांबला. ढकललं नाही, ओढलं नाही. थांबला.

काठावर शंभर माणसं होती. झऱ्याचा आवाज सोडला तर काही ऐकू येत नव्हतं.

फटीतून आधी एक तोंड आलं. मग एक पट्टा, मग दुसरा. खालच्या वाडीचा एकुलता एक मासा बाहेर आला आणि मोत्यांच्या माशाच्या पोटाखाली जाऊन उभा राहिला.

"सात," भोईण म्हणाली. मग काठावर उभी राहिली. तिनं पुन्हा म्हटलं, "सातही वाड्या आहेत. पाट उघडा."

सातही पाटांत पाणी एकदम सुटलं. ज्यांनी पहारी आणल्या होत्या, त्यांनीच त्या लावून पाटांच्या तोंडावरच्या फळ्या उचलल्या.

कारभारी तिथंच काठावर बसला. पाण्याकडे बघत म्हणाला, "आत्या, हा तोच मासा?"

"तोच. भ्यालेला होता म्हणून तसा दिसत होता. भ्यालेलं कुणीच देखणं दिसत नाही, कारभारी."

कारभारी उठला, पागोटं काढलं आणि चारचौघांत म्हशीवालीपुढे वाकला. "बाई, मी शेणाचं बोललो. चुकलो."

"म्हशींची माफी मागा," ती म्हणाली. "डबकं त्यांचं आहे." आणि चरवी उचलून चालायला लागली.

तात्पर्य: मधे कुणाला बसवायचं हे त्याचं रूप बघून ठरवू नका. तो आल्यावर बारके कोपऱ्यात जातात की जवळ येतात, ते बघा.

झालं. वाचनालयवाल्यांनी आता काय ते ठरवावं. मी ओढ्यावरून आणलेल्या माशाला भर बैठकीत पालापाचोळा म्हणून हसणारा, आणि स्वतःच्या त्या झगझगीत माशानं पेटीतले दोन बारके फाडल्यावरही माझ्या दारावरून मान वर करून जाणारा माणूस ही गोष्ट वाचेलच. कारभाऱ्यानं पागोटं काढलं होतं. याला नुसती टोपी काढायची आहे. वाट बघतोय मी, ऐकलंस का सोपान कुदळे?