टोपली, पाटी आणि थांबलेला आवा

फार पूर्वी समुद्रकाठी एक गाव होतं. त्याचं नाव आता नीट आठवत नाही. कदाचित दोन गावांची आठवण एकात मिसळली असेल. टोपलीची रीत मात्र पक्की आठवते.

दर नारळी पौर्णिमेला, समुद्राला नारळ वाहून झाला की, धक्क्यावर सगळ्यांसमोर एक टोपली भरत: तांदूळ, डाळ, गूळ, मीठ आणि बुधलाभर तेल. गेल्या वर्षी ती शंभर कवड्यांत भरली असेल, तर यंदा एकशेचारपर्यंत चालायची. त्यावर गेली, तर गावापुढे जाब द्यावा लागे गावच्या पंडिताला. गावच्या पेढीचं व्याज तो ठरवी आणि धक्क्यावरच्या पाटीवर खडूने लिही.

पंडित फार शिकलेला आणि तितकाच भित्रा. आकडा लिहून घरी जाई, हिशेब पुन्हा मांडी, आणि पाटी बघायला परत येई.

एका वर्षी टोपली एकशेबारावर गेली. तेल परमुलखातून जहाजाने येई, ते कडाडलं होतं. पंडिताने शेकडा सहाचं व्याज नऊ केलं.

गावातली कुंभारीण तरातरा पाटीपाशी आली. तिला स्वतःचा आवा नव्हता. कच्ची मडकी डोक्यावर घेऊन ती भाजायला पलीकडच्या वाडीत जाई. कितीतरी वाटेतच तडकत. यंदा पेढीचं कर्ज काढून आवा बांधायचं तिने ठरवलं होतं, पण नऊचं व्याज तिला झेपणारं नव्हतं.

"पंडितबुवा, तेल महाग केलं परक्यांनी आणि शिक्षा माझ्या आव्याला? समुद्रालाच लावा की तुमचं व्याज!"

लोक खो खो हसले. पंडिताने खडू या हातातून त्या हातात घेतला.

"बाई, समुद्र माझं ऐकत नाही. पण व्याज चढलं की उसन्या पैशाची खरेदी कमी होते. बाहेरचे व्यापारीही आपला पैसा इथे ठेवतात. आपल्या कवडीचा मान राहतो, आणि त्याच कवडीत तेल थोडं जास्त येतं."

"येतं? नक्की?"

"नक्की… नाही सांगता येत."

"म्हणजे तुमच्या 'बहुतेक'पायी मी वर्षभर मडकी फोडू?"

पंडिताने पाटी पुसायचं फडकं उचललं. मग फडकं खाली ठेवलं.

"हो. नाहीतर आवा होईल तुझा, पण महागाई अशी वाढेल की मडकी विकून टोपली भरणार नाही."

कुंभारीण फणकाऱ्याने निघून गेली. पण रोज मडकी घेऊन तिथूनच जाताना विचारी, "आज किती, बुवा?"

"नऊच. काल फुटली किती?"

"चार. तुमच्या नावाने!"

पुढच्या नारळी पौर्णिमेला टोपली भरली. वाढ फक्त तीन कवड्यांची! लोकांनी पंडिताच्या गळ्यात माळ घातली. त्याने व्याज पुन्हा सहावर आणलं, माळ काढली आणि कुंभारणीपुढे धरली.

"मला कशाला? मी तर शिव्या दिल्या."

"शिव्या दिल्यास, आणि थांबलीसही. मी नुसता आकडा लिहिला, बाई. तो डोक्यावरून वाहिलास तू. गावावर उपकार तुझे आहेत."

तिने आवा बांधला. त्यातला पहिला रांजण धक्क्यावर पाण्याचा म्हणून ठेवला.

पंडिताच्या मनातली एक शंका मात्र जाईना. समुद्रापलीकडे तेल आपोआप स्वस्त झालं असेल तर? मग त्या बाईची मडकी उगाचच फुटली!

कितीतरी वर्षांनी तेलाच्या जहाजाचा एक म्हातारा तांडेल त्या रांजणाचं पाणी प्यायला थांबला. पंडिताने भीतभीत त्या सालच्या तेलाच्या भावाचं विचारलं.

"त्या साली? छे! पलीकडे तेल उलट आणखी चढलं होतं. तुमच्या कवडीला भाव होता, म्हणून इथे परवडलं."

पंडिताने आणखी दोन तांडेलांना विचारलं. त्यांनीही तेच सांगितलं. तेव्हा कुठे तो काठी टेकत आव्यापाशी गेला.

"बाई, तुझं एकही मडकं वाया गेलं नव्हतं."

तात्पर्य: महागाई आवरल्याची माळ पाटी लिहिणाऱ्याच्या गळ्यात पडते, पण ज्यांनी आपलं काम थांबवून ती आवरण्याची किंमत मोजली, त्यांचे आभार आधी मानावेत.