दोन थरांच्या मधे काय लावावे

कृष्णाकाठच्या एका गावात बाळाप्पा नावाचा एक भोळा जीव नांदत होता. सांगितलेले तो कधी विसरत नसे. सगळा घोटाळा त्यातूनच होई.

आधी तो मेहुण्याच्या म्हशी राखी. मेहुणा म्हशींना चारा घाली आणि उरल्या वेळात त्याला जेवायला वाढी. मग हुसेनचाचांच्या वाद्यांच्या कारखान्यात त्याला काम मिळाले. ते टिकावे, एवढेच मागणे तो रोज देवापुढे मांडी.

एके दिवशी भजनी मंडळाचे मार्तंडबुवा आपली बास गिटार घेऊन आले. विजेवर वाजणारी, जुन्या घडणीची. भजनात तिचा खर्ज लागला की समयांच्या ज्योती हलत. तिच्या अंगाला वाळवी लागली होती.

"चाचा, रामनवमीला ही वाजली पाहिजे," बुवा म्हणाले.

चाचांनी नवे अंग कापले. वरखाली शिसवीच्या कठीण फळ्या, मधे हलक्या लाकडाची. कठीण थर मार सोसतो, हलका थर वाजवणाऱ्याचा खांदा वाचवतो.

"बाळाप्पा, तिन्ही फळ्या एकावर एक बसव."

त्याने बसवल्या. चाचांनी वरची धरून अंग उभे केले. खालच्या दोन त्यांच्या पायावर पडल्या.

"अरे बाबा, दोन थरांच्या मधे सरस लावायचा असतो."

"बरं, चाचा."

दुपारी बुवा काम बघायला आले आणि जेवायला थांबले. बाळाप्पाने भाकऱ्यांची चळत पाहिली. एकावर एक थर, आणि मधे काही नाही. त्याने मनोभावे सरस लावला. बुवांनी घास तोडला, तेव्हा भाकरी तुटली नाही. दातांची कवळीच तिच्याबरोबर बाहेर आली.

"भाकरीत सरस?" चाचांनी कपाळाला हात लावला. "मधे तूप लावावं, लेका."

"आधी नाही सांगितलंत," बाळाप्पा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने तिन्ही फळ्यांना मधे तूप लावले, तेही साजूक, आणि लाकूड दाबून धरणाऱ्या शिकंज्यात आवळल्या. मधली फळी सुळकन निसटली आणि दारातून आत येणाऱ्या बुवांच्या पोटावर बसली.

"चाचा," बुवा खाली बसून म्हणाले, "हिला मी वाजवायचं होतं. ही मलाच वाजवते आहे."

चाचांनी बाळाप्पाला समोर उभे केले. "तूप खरवडून काढ. ऊन सरस लाव. शिकंजा आवळ. कुरकुरलं तरी वाळेपर्यंत सोडायचं नाही. आता चुकलास, तर म्हशी तुझी वाट बघताहेत."

या वेळी त्याने तसेच केले. लाकूड कुरकुरले, बाळाप्पाने सोडले नाही. थर असे एकजीव झाले की सांधा नखाला लागेना. चाचांनी पहिल्यांदाच त्याच्या पाठीवर थाप दिली.

रामनवमीला देऊळ भरले. ऐन वेळी सांधा उकललाच तर असावा, म्हणून चाचांनी बाळाप्पाला सरसाची वाटी आणि शिकंजा घेऊन बसवले होते. गिटार उत्तम वाजली. ज्योती हलल्या. बुवांना गहिवरून आले. गिटार बाजूला ठेवून ते म्हणाले, "मायबाप हो, आता एकच मागणं. हे मस्तक संतांच्या चरणांना असं जडावं, की कुणी ओढलं तरी सुटू नये."

आणि डोळे मिटून त्यांनी देवळातल्या लाकडी पादुकांवर कपाळ टेकवले.

बाळाप्पाने निरखून पाहिले. खाली लाकूड, वर बुवा. मधे काहीच नाही. अशाने कसे जडणार? तो हलक्या पावलांनी पुढे झाला. त्याने ऊन सरस ओतला, शिकंजा आवळला. बुवा कळवळले.

"बाळाप्पा, सोड त्यांना," चाचा धावत आले.

"कुरकुरलं तरी वाळेपर्यंत सोडायचं नाही, चाचा. सोडलं तर म्हशी."

त्याने सोडले नाही. शिकंजा निघाला तेव्हा आरतीची वेळ झाली होती. बुवा उठले, पादुकाही उठल्या. त्या वर्षी सगळ्या गावाने पादुकांचे दर्शन बुवांच्या कपाळावर घेतले, आणि बाळाप्पा शेजारी उभा राहून रांगेतल्या प्रत्येकाला नम्रपणे सांगत होता, "ओढून बघा. सुटत नाही."