मेणकापडाची खोळ

"मेणकापडाची खोळ घालू, का जाड मांजरपाटाची?"

देवमननं दोन्ही कापडं बाबांपुढं पसरली.

कौतिकबाबा ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कोणासाठी?"

"कोणासाठी म्हंजे? उशांसाठी."

"अस्सं..." बाबा म्हणाले आणि त्यांनी पुढची शेंग उचलली.

पूर्णेकाठचा हा मठ तसा लहानच. इथं अंगारा मिळत नाही, गंडा बांधत नाहीत, आणि प्रवचन म्हणाल तर बाबांना दोन वाक्यं सलग बोलायचा कंटाळा. ज्याची झोप उडाली असेल त्यानं यावं, पडवीत अंग टाकावं, कुणी काही विचारणार नाही, एवढाच काय तो इथला महिमा. येणारा माणूस आपलं गाठोडंच डोक्याखाली घ्यायचा.

देवमनला ते खुपलं. शिष्य कामाचा होता, आणि आपण कामाचे आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. त्यानं उन्हाळाभर रानात हिंडून काटेसावरीची बोंडं गोळा केली, बी न् बी वेचून काढलं आणि त्या कापसानं उशा भरल्या. इतक्या मऊ, की हात ठेवला तर आत बुडावा. उशा तयार झाल्या आणि देवमनची स्वतःचीच झोप उडाली.

"लोकं चपचपीत तेल लावून येतात, बाबा. घाम असतो, लाळ असते. अन् इथं येणारा रडल्याबिगर राहते का? सावरीले ओल लागली का तिचे गोळे होतात. माही सारी मेहनत पाण्यात जाईन."

"मंग मेणकापडच घाल," बाबा म्हणाले.

देवमन वाद घालायच्या तयारीनं आला होता. इतक्या सहज जिंकल्यावर त्याला थोडं चुकल्याचुकल्यासारखं वाटलं, पण आनंदही झाला. त्यानं खोळी शिवल्या, उशांवर चढवल्या आणि त्यांची चळत पडवीच्या कोपऱ्यात रचून ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुळसाबाई आली. लेक बाळंतपणात गेली, तेव्हापासून तिच्या डोळ्याला डोळा नव्हता. भावानं तिला मठात आणून सोडलं आणि तो गावी परतला.

देवमननं तिला चटई दिली. वर एक उशी दिली, अगदी मानानं.

मग तो जरा लांब जाऊन दोरी वळत बसला. बाई या कुशीवर वळली की मेणकापड करकर वाजायचं. त्या कुशीवर वळली की पुन्हा करकर. बऱ्याच वेळानं आवाज थांबला. झोप लागली वाटतं, म्हणून त्यानं डोकावून पाहिलं.

तुळसाबाई उठून बसली होती आणि पदरानं उशी पुसत होती.

"भाऊ, ओली झाली होती... पुसली म्या. माफ करजा."

तिनं उशी भिंतीला नीट टेकवून ठेवली आणि हात डोक्याखाली घेऊन ती नुसत्या चटईवर आडवी झाली.

देवमननं उशी उचलली, खोळीत हात घालून चाचपली. आत कोरडी ठणठणीत! तो तसाच ओसरीवर गेला.

"बाबा, बाई एवढी रडली, पण थेंबसुद्धा आत गेला नाही!"

"मंग गेला कुठं?"

देवमननं वळून पडवीकडं पाहिलं.

बाबा शेंगा सोलत राहिले.

तो पडवीत परतला. तुळसाबाईचा पदर पिळून काढावा इतका भिजला होता. कानशिलावरचे केस गळ्यापर्यंत ओले होऊन चिकटले होते. ही माय पोटचा गोळा गमावून इथं आली, आणि आपण तिला उशी पुसायला लावली! त्याला स्वतःची लाज वाटली.

त्यानं खोळ ओरबाडून काढली आणि पांढरीशुभ्र उशी तिच्यापुढं धरली.

"घ्या, माय."

तुळसाबाई चटकन मागं सरकली. "नको, भाऊ. एवढी नवीकोरी... माह्या डोक्यानं खराब होईन."

"होऊ द्या."

"नको. मले सवय हाय अशी."

तो विनवून थकला. तिनं उशीला हात लावला नाही.

देवमन उभा राहिला... उशीकडं बघत.

मग त्यानं डोक्याचा रुमाल सोडला. सकाळीच त्यानं डोक्यावर तेल थापलं होतं आणि दुपारपर्यंत उन्हात राबला होता. त्यानं उशी खाली ठेवली, तिच्यावर डोकं टेकवलं आणि चांगलं घासलं. या बाजूनं, त्या बाजूनं. उठला तेव्हा उशीच्या मधोमध भला थोरला पिवळा डाग पडला होता.

"झाली खराब," तो म्हणाला. "आता कायचं भेव?"

तुळसाबाईनं डागाकडं पाहिलं, मग त्याच्या विस्कटलेल्या डोक्याकडं पाहिलं. तिला हसू आलं. कित्येक दिवसांनी आलेलं ते हसू अर्ध्यातच मोडलं, आणि तिनं उशी ओढून घेऊन तिच्यात तोंड खुपसलं. ती मोकळेपणी रडली. उशीनं कसलाच आवाज केला नाही. हळूहळू हुंदके ओसरले, आणि मग नुसता श्वास ऐकू येऊ लागला.

देवमन तिथून हलला नाही.

दिवेलागणीला आरतीची वेळ झाली. पडवीत कुणाचा डोळा लागलेला असला की देवापुढच्या घंटेचा आवाज होऊ द्यायचा नाही, असा मठाचा रिवाज होता. कौतिकबाबा स्वतः उठले आणि घंटेच्या लोलकाला फडकं बांधू लागले. देवमन दबक्या पावलांनी त्यांच्याजवळ गेला.

"बाबा," तो कुजबुजला, "एक उशी कायमची डागळली."

बाबांनी फडक्याला गाठ मारली. कोपऱ्यातली मेणकापडाची ती चकचकीत चळत त्यांनी एकदा पाहिली...

"एकच?"