शर्यतीच्या आदल्या दिवशी

ही गोष्ट मी कोणाला सांगायची नाही, असं घरी ठरलं होतं. माझी आत्या शर्यतीचे घोडे तयार करते, आणि तबेल्यातलं बोलणं बाहेर गेलेलं तिला चालत नाही. पण मी माणसं काढून टाकून प्राणी घातले आहेत. तेव्हा ऐका, मुलांनो.

एका जंगलाला लागून मोठं कुरण होतं. तिथे एक शेळी घोड्यांना शर्यतीसाठी तयार करत असे. रोज पहाटे ती त्यांच्या पायांना नाक लावून बघे. पाय जरा गरम लागला, की त्या दिवशी पळणं बंद! तिच्याकडे शिकायला होती एकच तांबूस घोडी. बाकी सगळे कोल्ह्याकडे जात. कावळा म्हणे, "शेळीकडे पळायला शिकायचं? मग पोहायला काय मांजराकडे जायचं?" शेवटी सिंहाने सांगितलं, "यंदा ज्याचा घोडा जिंकेल, त्यानेच इथे शिकवायचं. दुसऱ्याने कुरण सोडायचं."

शर्यतीच्या आदल्या सकाळी सराव बघायला सगळं जंगल लोटलं. "पळ, राजा! दिसू दे सगळ्यांना!" कोल्हा ओरडला, आणि त्याचा पांढरा घोडा जिवाच्या आकांताने पळाला. टाळ्या पडल्या, तसं कोल्ह्याने त्याला पुन्हा पळवलं. मग घोडी आली. ती दुडक्या चालीने एक फेरी मारून परतली. सगळे खो-खो हसले.

घोडीचे डोळे भरून आले. "मावशी, एकदाच सुसाट जाऊ दे ना! आपलं कुरण जाईल गं."

"त्यांना आज हसायचंय," शेळी म्हणाली, "तुला उद्या पळायचंय. चल, दाणा खा."

दुसऱ्या दिवशी पांढरा घोडा सुटला तो सगळ्यांच्या पुढेच. शेवटच्या वळणापर्यंत पुढे होता. तिथे मात्र त्याची मान खाली गेली, पाय जड झाले. "आता गं, बाई!" कुंपणाशी उभी असलेली शेळी किंचाळली. घोडीने मान लांब केली आणि अशी झेपावली, की कावळा आपण कोणाच्या बाजूचे हे विसरून ओरडू लागला, "अगं पळ! पळ!" घोडी एकटीच पुढे आली. मागे नुसती धूळ.

"काल तर हा वाऱ्यासारखा पळाला होता!" कोल्हा कळवळला.

"हो ना," शेळी म्हणाली. "पण शर्यत आज होती, कोल्होबा."

कोल्ह्याने कुरण सोडलं. शेळीच्या दारात मात्र शिंगरांची रांग लागली, आणि पुढे वर्षानुवर्षं तिचेच घोडे जिंकत राहिले. पांढरा घोडाही खाली मान घालून आला. "मला घ्याल?" त्याने विचारलं. शेळी म्हणाली, "आधी पोटभर चर आणि झोप. पळायचं मग बघू." पुढच्या वर्षी तोच पहिला आला!

तात्पर्य : आपली ताकद टाळ्यांसाठी उधळू नये, खऱ्या वेळेसाठी राखून ठेवावी; आणि ती वेळ आली, की मग मात्र कोणाकडेही न बघता... थांबा, आई हाक मारतेय. आले गं आई, आले!